अंगावर घेतलेला आळ

"पिंकी, माझे दोन सदरे पिशवीत टाक... अन् मफलर बी. चार दिवस मी आमगावलेच राहतो, मिलमध्ये."

संघदीपने हे इतक्या सहज सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटावे हा माणूस सोयऱ्यांकडे पाहुणचाराला निघाला आहे! पण भिंत लिपता लिपता पिंकीचा हात जागीच थांबला. दरेकसा गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळपासून नुसती धांदल होती. दाराला झेंडूचे तोरण लागले होते, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना नवे हार आले होते, आणि मागच्या अंगणात सासूबाई, ललिताबाई, लाडवांसाठी मोहफुले भाजत बसल्या होत्या. घरची लेक अल्का परदेशातून सुवर्णपदक जिंकून पाच वर्षांनी घरी येणार होती... आणि तिने यावे म्हणून घरचा थोरला मुलगा घर सोडून निघाला होता!

"पाच वर्षं झाली," पिंकी म्हणाली. "आपल्या लग्नाले बी त्या आल्या नाईत. तुमी असाल त्या घरात पाय ठेवणार नाई, असं त्यायनं म्हणावं अन् तुमी निमूट पिशवी भरावी. असं कुठवर चालन?"

"तिचं घर आहे ते."

"अन् तुमचं?"

संघदीप हसला. उत्तर टाळायचे असले की तो असाच हसे. पिंकीने हात धुतले, सदऱ्यांची घडी पिशवीत ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी ते केलं नाई, एवढं मले पक्कं माहीत आहे. कोणं केलं, ते तुमी सांगत नाई. मी विचारणार बी नाई. पण जगानं तुमाले गुन्हेगार म्हणावं अन् मी ऐकावं... सोपं नाई जी ते."

जी गोष्ट जन्मदात्या मायला उमगली नाही, सख्ख्या बहिणीला उमगली नाही, ती या बाहेरून आलेल्या मुलीला न सांगता कशी कळावी? संघदीपला वाटले, आत्ता, या क्षणी सारे सांगून टाकावे... पण आतल्या खोलीतून काठीचा ठक ठक आवाज आला. बाबा उठले होते. त्याने पिशवी खांद्याला लावली.

ही अल्का धावते, हे सर्वांत आधी त्यानेच पाहिले होते.

ते साल एकोणीसशे नव्याण्णव. संघदीप सोळा वर्षांचा, अल्का अकराची. बाबा, म्हणजे यादोराव, जंगलात बांबू तोडायच्या मजुरीवर जात. त्या सकाळी ते स्टेशनावर गेले आणि कोयता घरीच विसरले. कोयत्याशिवाय काम नाही, आणि गाडी यायला जेमतेम दहा मिनिटे. संघदीपने कोयता फडक्यात गुंडाळून सायकलला बांधला, तर मागून अल्का ओरडली, "रस्त्यानं गेला तर गाडी सुटन! इकडं दे!" तिने कोयता हिसकावला आणि ती सरळ शेतातून निघाली. धानाची रोवणी झालेल्या बांध्या पाण्याने तुडुंब भरलेल्या, त्यांच्या कडेचे चिंचोळे, निसरडे धुरे, मध्ये नाला... आणि ती पोर धुऱ्यावर एक पाय टेकून पलीकडे झेप घेत होती, पाण्यात उतरत होती, उतरल्या पावली पुन्हा उसळत होती! संघदीप जीव तोडून सायकल हाणत स्टेशनावर पोहोचला, तेव्हा बाबा कोयता घेऊन डब्यात चढलेले होते आणि अल्का फलाटावरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, पण साधी धाप नाही.

"ही पोरगी पळत नाई," त्याने घरी येऊन मायला सांगितले, "उडून राहिली!"

त्या दिवसापासून तो तिचा गुरू झाला. स्वतः शिकत गेला आणि तिला शिकवत गेला. पुढे आमगावच्या एका शाळेत त्याला तात्पुरता खेळशिक्षक म्हणून घेतले, तेव्हा त्याने तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची माहिती गोळा केली. अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाण्यावरून उडी! ही शर्यत जणू त्याच्या बहिणीसाठीच कोणीतरी काढली होती. त्याने मैदानावर ऐनाच्या लाकडांचे अडथळे रोवले, स्वतः कुदळ मारून पाण्याचा खड्डा खणला. पहाटे तिच्यासोबत धावायचे, दिवसभर शाळेत शिकवायचे, संध्याकाळी पुन्हा मैदान. मुलगी धावते म्हणून कोणी नाक मुरडले, तर यादोराव छाती काढून सांगत, "माझी पोरगी हाय ते! तुमच्या पोरायले म्हणाव, पकडून दाखवा!"

जिल्हा झाला, विभाग झाला, राज्य झाले. अल्का क्रीडा वसतिगृहात गेली, राष्ट्रीय शिबिरात गेली. दर महिन्याला संघदीप गाडीने तिच्याकडे जाई, हातात मायने केलेले मोहफुलांचे लाडू आणि डोक्यात नवा सराव. भावाचे शिकवणे आणि बहिणीचे धावणे, यात दोघांनाही कधी दुसऱ्या कोणाची गरज भासली नाही.

आणि मग दोन हजार आठचे ते हिवाळ्याचे तोंड आले. राष्ट्रीय स्पर्धेला पंधरा दिवस असताना अल्काचा डावा गुडघा सुजला. "दादा, लंगडत का होईना, पण मी पळीन," ती फोनवर म्हणाली खरी, पण तिच्या आवाजातली वेदना त्याला ऐकू आली. तो नेहमीसारखा लाडू घेऊन गेला, चार दिवस थांबला. आश्चर्य म्हणजे तीन दिवसांत सूज उतरली! अल्का धावली, जिंकली, आणि तिची वेळ तिच्या आधीच्या साऱ्या वेळांपेक्षा कितीतरी सरस आली. गावात ढोल वाजले.

दोन महिन्यांनी पत्र आले. अल्काच्या लघवीच्या नमुन्यात स्टिरॉइड सापडले होते!

"मी काही घेतलं नाई, दादा! तुझी आण, मी कायच घेतलं नाई!" फोनवर ती आकांत करत होती. संघदीपला ती सांगते त्यावर तिळमात्र संशय नव्हता. पण मग... ते आले कोठून?

घरी तेव्हा वेगळेच संकट होते. महिन्यापूर्वी यादोरावांना लकवा मारला होता. उजवी बाजू लुळी, वाचा अडखळती. गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावले होते, यांच्या मनाला धक्का बसता कामा नये, दुसरा झटका आला तर हे वाचणार नाहीत. म्हणून पत्राचे नावही घरात कोणी काढले नाही. त्या दुपारी संघदीप बाबांच्या खाटेशी उद्विग्न होऊन बसला होता, आणि यादोराव वाकड्या झालेल्या ओठांनी हसून म्हणाले,

"संघ्या... तुले एक सांगू? कोणाले सांगू नको. अल्कीचा गुडघा... मीच बरा केलो."

"म्हणजे?"

"माझे गुडघे ज्या पुडीनं राहिले ना... वैदाची... ते पुडी. माय पाण्याले गेली होती... मी लाडवायच्या पिठात टाकलो. मोहाच्या चवीत... समजलं बी नाई पोरीले!" आणि त्या निरागस, अर्ध्या मेलेल्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरले, की संघदीपला आपल्या छातीतून कोणी काळीज उपटून काढते आहे असे वाटले.

वैद तो भोंदू. त्याच्या पुडीत स्टिरॉइड कुटलेले असणार, हे सांगायला कोणी डॉक्टर लागत नव्हता. बाबांनी विष दिले नव्हते, आपल्या दुखण्यावरचा एकुलता एक उतारा लेकीला दिला होता... पण चौकशी समितीपुढे हे सांगायचे, तर बाबांना बोलावणे येणार. वर्तमानपत्रात त्यांचे नाव छापून येणार. आणि ज्या दिवशी त्यांना कळेल की लेकीचे पदक आपल्याच हाताने बुडाले, त्या दिवशी... संघदीपला पुढचा विचारच करवला नाही. आणि अल्काला तरी खरे कसे सांगावे? तिच्या मनातले तिच्या चेहऱ्यावर उमटल्याशिवाय राहत नसे. ती धावत घरी आली असती, आणि बाबांनी तिच्याकडे नुसते पाहिले असते तरी सारे ओळखले असते!

दिल्लीला समितीसमोर तो ताठ उभा राहिला. "पुडी मी मिसळली. माझ्या बहिणीला यातले काही माहीत नव्हते. तिचा गुडघा दुखत होता, मला राहवले नाही."

अल्काचे पदक काढून घेतले गेले, पण तिचा दोष नाही म्हणून बंदी वर्षभराचीच झाली. संघदीपला चार वर्षे कोणत्याही खेळाडूला शिकवायची मनाई झाली. बाहेर व्हरांड्यात अल्का त्याची वाट पाहत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, नुसती आग होती.

"तू? दादा, तू? मी कोणाले भेत नव्हती, कारण माझ्या पाठीशी तू होता! मी लंगडत पळली असती, हारली असती, पण माझ्या पायानं हारली असती ना!" तिने पाठ फिरवली. "आजपासून मले भाऊ नाई. ज्या घरात तू असशील, त्या घरात मी येणार नाई."

संघदीपजवळ बोलण्यासारखे जे होते ते एकाच वाक्याचे होते, आणि तेच वाक्य बोलायचे नव्हते.

शाळेने त्याला काढले. तो राइस मिलमध्ये पोती वाहू लागला. गावात काय बोलायचे ते लोक बोलले, फक्त आजारी यादोरावांच्या कानावर काही जाऊ नये एवढे साऱ्यांनी पाळले. माय ताटात भाकर वाढे, पण त्याच्या डोळ्यांत पाहून वाढत नसे. बाबांना सांगितले गेले की अल्काने गुडघ्यासाठी वर्षभर विसावा घेतला, संघदीपची तात्पुरती जागा संपली, आणि बहीण-भावाचे काहीतरी बिनसले आहे. बाबांना भेटायचे असले की अल्का त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात बोलावून घेई. पण अल्का पुन्हा धावली, हे संघदीपला पुरेसे होते! बंदी उठल्यावर ती पहिल्यापेक्षा वेगाने धावली. मिलमधल्या टीव्हीवर तिची शर्यत लागे, तेव्हा तो पाठीवर पोते असले तरी थांबे, आणि तिने पाण्यावरून घेतलेली झेप पाहून मनातल्या मनात म्हणे... बरोबर, अगदी बरोबर! तिच्या पायांतला प्रत्येक ठेका त्याने बसवलेला होता. तो कोणाला हिरावता येणार होता? हरल्याची भावना त्याला एकदाही शिवली नाही.

आणि आता दोन हजार तेराच्या डिसेंबरात तो पिशवी घेऊन उंबरा ओलांडत होता, तोच फाटकाशी जीप थांबली. संध्याकाळच्या गाडीने येणारी अल्का दुपारीच आली होती!

दोघे समोरासमोर उभे राहिले. तिच्या भिवया ताणल्या गेल्या. ती वळणार, इतक्यात दारातून काठी आपटत यादोराव बाहेर आले.

"कोनी कुठं जाणार नाई!" लकव्याने जड झालेल्या त्या जिभेला आज विलक्षण धार होती. "पाच वर्षं तुमचं तोंड फिरवणं पाहून राहिलो. मी काय मेलो काय? संघ्या, पिशवी ठेव. अल्की, आत ये. दोघं बी माझ्यासमोर बसून जेवा. मंग जिकडं जायचं तिकडं जा!"

बापाचा शब्द मोडायची दोघांचीही छाती झाली नाही. सारे जेवायला बसले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. ललिताबाईंनी लेकीच्या ताटात मोहफुलांचा लाडू ठेवला, तसे यादोराव खुलले.

"खाय बेटा. गुडघा कसा हाय आता?"

"बरा आहे, बाबा."

"राहणारच बरा! त्या वर्षी मीच तर बरा केलो होतो." ते खुदकन हसले. "आता सांगाले हरकत नाई. तो वैद बी मेला. तुह्या मायच्या पिठात गुपचूप त्याची पुडी टाकलो होतो. तीन दिवसात सूज गायब! संघ्याले विचार, त्याले मी तवाच सांगतलो होतो."

अल्काच्या हातातला लाडू अर्ध्या वाटेत थांबला. तिने बाबांकडे पाहिले, आणि मग पाच वर्षांत पहिल्यांदा तिने आपल्या भावाच्या डोळ्यांत पाहिले. संघदीपने मान अगदी किंचित, न कळेल इतकी हलवली. नाही... काही बोलू नकोस!

आणि जिच्या चेहऱ्यावर मनातले सारे उमटे, त्या अल्काने आपला चेहरा दगडासारखा घट्ट केला. "हो बाबा," ती म्हणाली, "तवा बरा झाला होता गुडघा." मग ती उठली, हात न धुताच मागच्या अंगणात गेली.

संघदीप पाठोपाठ गेला. विहिरीच्या कठड्याला धरून ती उभी होती.

"दादा..."

"हळू बोल."

"कायले केलं रे तू हे? मले एक शब्द तरी बोलला असता! पाच वर्षं मी तुले शिव्या दिल्या... तुह्या लग्नाले आली नाई... बातमीवाल्यांसमोर माझा कोणी गुरू नाई म्हणून सांगतलं... अन् तू पोते उचलून राहिला!"

"तू पळत होती ना? मंग झालं तर."

"झालं? असं कसं झालं?" ती त्याच्या पायांशी बसू पाहत होती, त्याने तिचे खांदे धरले. "मले हाण दादा, पण असा हसू नको!"

"येडी! बाबा जिते आहेत, तू देशासाठी पळून राहिली. मले अजून काय पाहिजे होतं? त्यायले कळू देऊ नको, बस. एवढं माझं ऐक."

"काय कळू देऊ नको?"

दोघेही दचकून वळले. मागच्या दारात यादोराव उभे होते. त्यांच्यामागे पदराचा बोळा तोंडात धरून ललिताबाई, आणि त्यांना सावरत पिंकी.

"मी पोरीचं तोंड पाहिलो," यादोराव म्हणाले. "लाडू पाहून असं तोंड कोनी करत नाई. आता बोला. माझ्या पुडीनं काय झालं?"

संघदीपने बरेच टोलवून पाहिले. पण अल्का बोलली. रडत, थांबत, पण एकही गोष्ट न लपवता तिने सारे सांगितले. पत्र, दिल्ली, पदक, मनाई, मिल. संघदीपचे डोळे बाबांच्या चेहऱ्यावर खिळले होते... आता कोसळतील, आता कोसळतील! पण यादोराव कोसळले नाहीत. ते सावकाश कठड्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज घट्ट होता.

"संघ्या, तू मले एवढा कमजोर समजला का रे?"

"बाबा, डॉक्टर म्हणत होते..."

"तवा मी खाटेवर होतो, ते ठीक. पण त्यानंतर? मी उठलो, चालाले लागलो, तरी बी तू मले अंधारात ठेवला! जंगलात अस्वल आलं तरी मी पळालो नाई कधी. माह्या चुकीपासून पळालो असतो काय? माह्या गुन्ह्याचं ओझं माह्या पोरानं वाहावं अन् मी मजेत लाडू खावा... हे कोन्या बापाले आवडन?"

ललिताबाईंना आता राहवले नाही. त्यांनी लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि हंबरडा फोडला. "मी माय असून ओळखली नाई रे तुले!" संघदीपने तिला उराशी घेतले. पाच वर्षांत न रडलेला तो पुरुष त्या दिवशी मायच्या खांद्यावर लहान मुलासारखा रडला.

"उद्या आमगावले सत्कार हाय ना?" यादोराव डोळे पुसत म्हणाले. "मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी आमगावच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. हार झाले, भाषणे झाली. अल्का बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या आधी माझे बाबा बोलणार आहेत." यादोराव काठी टेकत मंचावर चढले. माइकवाल्याने माइक खाली केला.

"मी बोलणारा माणूस नाई," ते म्हणाले. "माही जीभ बी अडकते. तरी ऐका. पाच वर्षांमागं माह्या पोरीच्या लाडवात पुडी टाकली, ते संघदीपनं नाई. मी टाकलो. मले समजत नव्हतं त्यात काय हाय, पण टाकलो मीच. माह्या पोरानं मले वाचवाले तो आळ अंगावर घेतला. त्याची नोकरी गेली, त्याले तुमी काय काय बोलले, ते त्यानं ऐकलं. आजपासून ज्याले बोलायचं, त्यानं मले बोला. दरेकशाले माहं घर हाय. या."

मग मागच्या रांगेतून, जिथे मिलमधले हमाल उभे होते, टाळी वाजली. आणि ती टाळी पुढे सरकत सरकत मंचापर्यंत आली, तेव्हा तिचा गडगडाट झाला होता.

अल्काने माइक घेतला. ती रडत नव्हती, तिचा आवाज खणखणीत होता. "ते पदक परत मिळणार नाई, अन् मले ते नको. माझ्या भावाची चार वर्षांची मनाई या वर्षी संपली. पुढच्या हंगामापासून मी दरेकशाले राहून सराव करणार. माझा प्रशिक्षक तिथंच राहते. दादा, वर ये."

संघदीप मंचाखाली गर्दीत उभा होता. त्याला कोणीतरी पुढे ढकलले. तो वर आला, बहिणीच्या शेजारी उभा राहिला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "परदेशातल्या त्या शर्यतीत पाचव्या पाण्याले तू डावा पाय उशिरा टाकला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू ओरडाले नव्हता ना तिथं!"

कार्यक्रम संपला. मंचाच्या तीन लाकडी पायऱ्या उतरायच्या होत्या. संघदीपने लगबगीने एका बाजूने बाबांचा दंड धरला, अल्काने दुसऱ्या बाजूने.

यादोरावांनी दोघांचेही हात झटकले.

"सोडा. मी उतरतो."

आणि डाव्या हाताने काठी टेकून, लुळा पाय आधी पुढे टाकून ते उतरू लागले. एक पायरी... दुसरी... तिसरी. दोन्ही लेकरे त्यांच्या दोन बाजूंना हात न लावता उभी राहिली.